एफई एफई, अहो ऐकलंत का?

रेडिओचं स्टेशन बदलायचं असेल तर रेडिओचं बटण फिरवावं, हा सल्ला मला घरातल्या प्रत्येकाने दिलेला आहे. आईने दिला, बायकोने दिला, इस्त्रीचे कपडे घेऊन आलेल्या गृहस्थांनीही जाता जाता दिला. सल्ल्यात चूक काहीच नाही. पण ज्याच्या टेबलावर डावीकडे शॉर्टवेव्हचा जुना जपानी रिसीव्हर आहे, उजवीकडे लॅपटॉप आहे आणि रिसीव्हरच्या पाठीवर ‘रिमोट’ असं लिहिलेलं एक भोक आहे, त्या माणसाला बटण फिरवण्यात कमीपणा वाटायला लागतो. दोन्ही यंत्रांमध्ये अंतर दीड वीत. ते हात न हलवता पार करायचं, या एकाच ध्येयाने मी पछाडलो होतो.

घरात मात्र मी वेगळं कारण सांगितलं होतं. लांबलांबची स्टेशनं रात्री दोन-अडीचला चांगली लागतात, त्या वेळी आपण झोपलेले असतो, तेव्हा लॅपटॉपच रिसीव्हरला सांगेल की आता अमुक ठिकाणी जा, आणि आवाज रेकॉर्ड करून ठेवेल.

“आणि ते ऐकणार कधी?” बायकोने विचारलं.

“सवडीने.”

“माळ्यावर दोन खोकी कॅसेटी आहेत. त्यासुद्धा सवडीनेच ऐकायच्या होत्या.”

या वाक्यानंतर मी तडक सोमणकाकांकडे गेलो.

सोमणकाका आमच्या सोसायटीतले परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाले. व्हीयू-टू या अक्षरांनी सुरू होणारं त्यांचं कॉलसाइन दारावरच्या पाटीवर नावाच्याही आधी आहे. गच्चीवरच्या त्यांच्या अँटेनाला सोसायटीतले निम्मे लोक कपडे वाळत घालायची तार समजतात आणि उरलेले निम्मे मोबाइलला रेंज न येण्याचं कारण. आयुष्यभर वायरलेसवर बोलल्यामुळे काकांना एक सवय जडली आहे. ते आपलं बोलणं पूर्ण करतात, ‘ओव्हर’ म्हणतात आणि समोरच्याचं ऐकायला थांबतात. त्यामुळे सोसायटीच्या सभेत त्यांचं म्हणणं आजवर इतिवृत्तात आलेलं नाही.

“हे बघ,” काका म्हणाले, “तुझा संच आयकॉमचा. त्यांची संगणकाशी बोलायची भाषा १९८०च्या दशकातली. नाव सी-आय-व्ही. जायला आणि यायला मिळून एकच तार. त्या तारेवर एकाहून जास्त रेडिओ लटकव, चालतं. म्हणून प्रत्येक वाक्यात आधी हाक मारायची, मग कुणाशी बोलतोय ते सांगायचं, मग आपण कोण ते, मग काय करायचं ते, आणि शेवटी ‘संपलं’ म्हणायचं. ओव्हर.”

हाक म्हणजे एफई एफई. दोनदा. एका हाकेत कुणी ऐकत नाही, हे जपानमध्येही अनुभवाने कळलेलं असावं. आमच्या घरातही हाक दोनदाच असते, “अहो, अहो!” इथपर्यंत आमचं आणि सी-आय-व्हीचं अगदी जुळतं. फरक त्यापुढे सुरू होतो. रिसीव्हरला हाकेनंतर पत्ता लागतो. समजा समोर आर-७५ हे मॉडेल असेल, तर त्याचा कारखान्यातून आलेला पत्ता ५ए. मग बोलणाऱ्याचा पत्ता, संगणकासाठी तो ई०. मग हुकूम. ०५ म्हणजे ‘या फ्रिक्वेन्सीवर जा’. मग ती फ्रिक्वेन्सी, आणि शेवटी एफडी, म्हणजे बोलणं संपलं. आमच्याकडे हाकेनंतर थेट “ते बघा ना जरा” असं येतं. ते म्हणजे काय, बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे प्रोटोकॉलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. आणि एफडी तर आमच्याकडे नाहीच. नळ गळतो इथून सुरू झालेलं वाक्य माझ्या मावसभावाच्या लग्नात आम्हाला कुठे बसवलं होतं इथपर्यंत जातं, पण संपल्याची खूण काही येत नाही.

फ्रिक्वेन्सी सांगायची रीतही बघण्यासारखी आहे. आकाशवाणी पुणे, मध्यम लहरी, ७९२ किलोहर्ट्झ. लहान मुलालाही समजेल असा आकडा. पण रिसीव्हरला तो हर्ट्झमध्ये हवा, म्हणजे ७,९२,०००. तो दहा आकड्यांचा करण्यासाठी पुढे चार शून्यं लावायची, दोन-दोनच्या जोड्या पाडायच्या आणि शेवटची जोडी आधी, पहिली शेवटी अशा त्या उलट्या सांगायच्या. म्हणून ‘पुणे लाव’ हे वाक्य असं होतं: एफई एफई ५ए ई० ०५ ०० २० ७९ ०० ०० एफडी. मी ते कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. दुपारी आईने विचारलं, “हा कुणाचा फोन नंबर? वाण्याचा नवा आहे का?”

हे सगळं पाठवायला वेळ किती लागतो? ९६०० बॉडचा वेग धरला तर ही अकरा अक्षरं सेकंदाच्या शंभराव्या भागात, किंवा त्याहून किंचित जास्त वेळात पोहोचतात. सेकंदाचा तो शंभरावा भाग साधण्यासाठी माझा अख्खा पावसाळा गेला, ही गोष्ट वेगळी.

प्रत्येक घराण्याची रीत निराळी, हेही काकांनीच सांगितलं. केनवूडचे संच साधी अक्षरं घेतात. एफ, ए, पुढे अकरा आकडे सरळ क्रमाने, आणि शेवटी अर्धविराम. न समजलं तर संच प्रश्नचिन्ह आणि अर्धविराम एवढंच परत पाठवतो. मला हा स्वभाव फार आवडला. याएसूच्या एफटी-८१७ ची तर प्रत्येक आज्ञा पाच बाइटची, आणि क्रियापद पाचव्या बाइटात. आधी सगळे आकडे सांगायचे आणि मग शेवटी ‘कर’. थोडक्यात, मराठी व्याकरण. पण माझ्या नशिबी हे दोन्ही नव्हते. माझा संच एफई एफई कुळातला.

आता केबल. रिसीव्हरच्या तारेवर शून्य ते पाच व्होल्ट चालतात. संगणकाचं जुनं सीरियल पोर्ट १९६० च्या आरएस-२३२ या नियमावलीने वागतं, आणि तिथे ‘एक’ म्हणजे उणे व्होल्ट, ‘शून्य’ म्हणजे अधिक व्होल्ट. हे ज्याने ठरवलं त्याचा हेतू चांगलाच असणार. “हे दोघं थेट जोडलेस तर रिसीव्हरमधून धूर येईल,” काकांनी बजावलं, “मध्ये कन्व्हर्टर हवा.” शिवाय माझ्या लॅपटॉपला ते जुनं पोर्टही नाही, फक्त यूएसबी. म्हणजे यूएसबीचं सीरियल करायचं, त्याचे व्होल्ट बदलायचे आणि शेवटी साडेतीन मिलिमीटरची मोनो पिन लावायची. पुण्यात या गोष्टींसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात. मीही गेलो.

“मोनो पिन आहे का?”

“स्टिरिओ घ्या. दोन्ही कानांत येईल.”

“ऐकायला नको आहे. रेडिओशी बोलायचंय.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, “मोनोच देतो, काका. बसा. पाणी घेता का?”

केबल जोडल्यावर लॅपटॉपने ‘हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०’ असं जाहीर केलं. आतली चिप नकली. नकली चिपांचा इतिहासही मोठा रंजक आहे. २०१४ साली एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीने विंडोजसाठी असा ड्रायव्हर आणला की आपल्या चिपची नक्कल सापडली की तो तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. मग ती चिप कुठल्याही संगणकाला लावा, संगणक म्हणायचा, ‘आपण कोण?’ जगभर बोंब झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. माझ्या चिपची कुणी ओळख पुसली नव्हती. तिला मुळातच ती नव्हती. दुसरी केबल आणली. ती चालली, पण तिच्यात वेगळी खोड. लॅपटॉपच्या डाव्या भोकात घातली की ती कॉम-थ्री, उजव्या भोकात घातली की कॉम-सेव्हन. प्रोग्रामला आपण सांगितलेलं असतं तीन नंबर, आणि पोछा करताना कुणीतरी केबल काढून ‘होती तशी’ परत लावलेली असते.

इथपर्यंत आल्यावर मी सोसायटीतल्या ओंकारला बोलावलं. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने अर्ध्या तासात प्रोग्राम लिहिला, पुणे लाव ही आज्ञा पाठवली आणि खुर्चीतून उडालाच.

“काका, उत्तर आलं! एफई एफई... बोलला तो! रेडिओ बोलला!”

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आईने जप थांबवला. ओंकारने पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. मी त्याला पेढा देणार इतक्यात बायकोने विचारलं, “पण याचा दिवा कुठे लागलाय?”

रिसीव्हर बंद होता.

सोमणकाकांनी खुलासा केला. जायला-यायला तार एकच. त्यामुळे आपण जे बोलतो ते आपल्यालाच आधी ऐकू येतं. त्याला एको म्हणायचं, ते आपलं आपण गाळून टाकायचं, आणि त्यानंतर काही आलं तर ते उत्तर. “नवीन माणूस इथे हमखास फसतो,” काका म्हणाले. नवीनच कशाला? आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सलग तिसऱ्यांदा निवडून आले आहेत आणि प्रत्येक सभेनंतर ‘सर्वांचं माझ्याशी एकमत आहे’ असं सांगतात. त्यांच्या तारेवरही दुसरं कुणी बोललेलं मी कधी ऐकलेलं नाही.

मग एको गाळला. संच सुरू केला. आज्ञा पाठवली. शांतता. पुन्हा पाठवली. शांतता. बॉड बदलला. ३००, १२००, ४८००, ९६००, १९२००. प्रत्येक वेगाला तीच शांतता. गंमत म्हणजे ‘होय’साठी या भाषेत एफबी आणि ‘नाही’साठी एफए अशी दोन स्वच्छ उत्तरं आहेत. एफए आलं असतं तरी मी साखर वाटली असती. ‘नाही’ हे इतकं स्वच्छ कोण सांगतं आजकाल? आमच्याकडे उत्तराला एकच अक्षर आहे, ‘हं’.

“गॅस बंद केलात का?”

“हं.”

“की चालू ठेवायचा होता?”

“हं.”

हे ‘हं’ एफबीही नाही आणि एफएही नाही. ऐकलं असाही त्याचा अर्थ होतो, ऐकलं नाही असाही होतो. या एका अक्षरावर आमचा संसार इतकी वर्षं चाललेला आहे, पण त्यावर रिसीव्हर चालणार नाही, असं बायकोचं मत पडलं. तिने या प्रकरणात दिलेलं हे पहिलं तांत्रिक मत. सोमणकाकांनी ते उचलून धरलं.

ओंकारने मग प्रोग्रामची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हॅमलिब नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००० सालापासून जगभरचे हौशी लोक ते वाढवत आहेत. सगळ्या घराण्यांच्या भाषा त्याला येतात. आपण फक्त मॉडेलचा नंबर सांगायचा, दुभाषेपण ते करतं. त्यात एक नंबरचं मॉडेल आहे डमी. म्हणजे नसलेला रेडिओ. हा डमी फार गुणी. फ्रिक्वेन्सी बदल म्हटलं, बदलली. आवाज कमी कर म्हटलं, केला. उलट उत्तर नाही, रुसणं नाही. मी त्याच्यावर तास-दीड तास हुकूम सोडत बसलो. इतकं आज्ञाधारक या घरात तोवर कुणी आलंच नव्हतं.

“निदान आपला प्रोग्राम बरोबर आहे,” ओंकार म्हणाला.

“आणि निदान तुम्ही मुलांना ओरडत नाही आहात,” बायको म्हणाली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट लक्षात आली. लॅपटॉपचा चार्जर लावला की ७९२ वर पुणं ऐकूच येत नाही, नुसती घरघर येते. मध्यम लहरींवर हे चार्जर भयंकर गोंगाट करतात. म्हणजे ज्या यंत्राने स्टेशन लावायचं तेच यंत्र स्टेशन बुजवणार. उपाय असा की लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते. त्यामुळे आमचे प्रयोग चाळीस मिनिटांचे असत आणि मग चहा.

असाच एक चहा चालू होता. आम्ही तिघे स्वयंपाकघरात, लॅपटॉप चालू, प्रोग्राम पडद्यावर कान लावून बसलेला. तेवढ्यात आई तिकडे गेली. प्रादेशिक बातम्यांची वेळ झाली होती आणि आमच्या कुणाच्या तरी उद्योगाने काटा ८०१ वर सरकला होता. आईने सरळ हात घातला आणि बटण फिरवलं. बातम्या लागल्या. आणि ओंकार दारातून ओरडला.

पडद्यावर अक्षरांचा धबधबा कोसळत होता. कुणी काही विचारलेलं नसताना रिसीव्हर आपणहून बोलत होता. हीसुद्धा या भाषेतली एक सोय आहे. हाताने बटण फिरवलं की संच स्वतःच तारेवर दवंडी देतो, ‘मी आता इथे आलो बरं का’. ही दवंडी कुणा एकाला नसते, पत्त्याच्या जागी ०० असतं, म्हणजे सर्वांना. पण त्यापुढच्या जागेवर बोलणाऱ्याचा स्वतःचा पत्ता येतो. आम्ही वाकून पाहिलं. एफई एफई ०० ७३.

त्र्याहत्तर! आम्ही इतके दिवस त्याला कारखान्यातल्या पत्त्याने हाका मारत होतो. संच जुन्या बाजारातला, आधीच्या मालकाने मेनूत जाऊन पत्ता बदललेला. आणि नियम असा की आपला पत्ता नसेल तर गप्प बसायचं. हा नियम आम्हाला कळला होता, पटला नव्हता, कारण आमच्या घरात कुणालाही हाक मारली की बाकीचे सगळे ओ देतात. सोमणकाका मात्र हसत सुटले. “मालक हॅम होता रे! सेव्हन्टी थ्री म्हणजे आमच्यात शुभेच्छा. निरोप घेताना म्हणतो आम्ही. जाता जाता तुला शुभेच्छा देऊन गेला तो. ओव्हर.”

“म्हणजे काय झालं?” आईने विचारलं.

“आई, तू बटण फिरवलंस म्हणून त्याचा पत्ता सापडला.”

“मग मी पहिल्यापासून काय सांगत होते?” आई म्हणाली. “आता जरा गप्प बसा, हवामान सांगतायत.”

पुढची आज्ञा ७३ या पत्त्यावर गेली आणि क्षणात उत्तर आलं. एफबी. आधी एको, मग एफबी. ओंकारने बोट ठेवून दोन्ही वेगळे दाखवले. तो पेढा त्याला अखेर मिळाला.

त्यानंतर काही दिवस घरात सत्तासंघर्ष झाला. मी प्रोग्रामला वेळापत्रक दिलं होतं, सात वाजता शॉर्टवेव्ह. आईचं वेळापत्रक आकाशवाणीने ठरवलेलं. ती पुणं लावायची, प्रोग्राम मिनिटाभराने संच परदेशात न्यायचा. आई पुन्हा पुण्यात आणायची. दोघं एकाच वेळी तारेवर बोलली तर काय, याचीही या भाषेत तजवीज आहे. टक्कर झाल्याचं कळलं की एफसीचा मारा करायचा, म्हणजे ते बोलणं बाद, सगळ्यांनी थांबून पुन्हा बोलायचं. ही तजवीज सभांना आणि टीव्हीवरच्या चर्चांना का लावत नाहीत, असं मी काकांना विचारलं. काका बोलणार होते, पण ते बोलण्याआधीच बायकोने, ओंकारने आणि मी तिघांनी एकदम उत्तर दिलं.

तह असा झाला की वेळापत्रकात एकच नोंद ठेवायची. सकाळी सात, पुणे, ७९२.

आता रोज सकाळी मी सातला दहा कमी असताना उठतो. रिसीव्हर जुना असल्यामुळे बंद असताना त्याला तारेवरून सुरू करता येत नाही. तेव्हा आधी जाऊन त्याचं बटण दाबतो. मग लॅपटॉप सुरू करतो, तो अपडेट घेत असेल तर त्याची समजूत घालतो. चार्जर काढतो. केबल डाव्या भोकात आहे की उजव्या ते बघतो, कॉम-थ्री असल्याची खात्री करतो आणि प्रोग्राम सुरू करून शेजारी उभा राहतो. ठीक सातला आज्ञा जाते.

काल आई चहाचा कप घेऊन हे सगळं बघत होती.

“काय सांगितलंस त्याला?”

“पुणं लाव म्हणून.”

“अरे, पुणंच लागलेलं आहे. काल रात्री मी तिथेच ठेवून बंद केला होता.”

मी पडद्याकडे पाहिलं. उत्तर आलेलं होतं. एफबी.